मराठी पुस्तकांची रोमन नोंद

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंस आपल्या आजोबांनीं लिहिलेलें एक लहानसें पुस्तक एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. पुस्तक काव्याचें नव्हे, तत्त्वज्ञानाचेंहि नव्हे. कोरडवाहू मुलुखांत विहीर कोठें खणावी आणि तिचें बांधकाम कसें करावें, एवढाच त्याचा विषय. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका छापखान्यांत सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं तें छापलें गेलें. घरची प्रत पुराच्या पाण्यांत गेली. परंतु एका मोठ्या ग्रंथालयास आजोबांनीं स्वहस्तें एक प्रत दिली होती, हें बाईंनीं वडिलांच्या तोंडून ऐकलें होतें. म्हणून त्यांच्यासमवेत आम्ही त्या ग्रंथालयांत गेलों. संगणकापुढें बसलेल्या तरुण साहाय्यकानें नांव विचारलें, बाईंनीं तें स्वच्छ मराठींत सांगितलें, आणि त्यानें तें इंग्रजी अक्षरांत यंत्रास घातलें. उत्तर आलें, नाहीं. 'व'साठीं 'व्ही' घालून झाला, 'डब्ल्यू' घालून झाला. ग्रंथकाराचें आडनांव तीन तऱ्हांनीं लिहून झालें. असें पुस्तक आमच्याकडे नाहींच, असें त्या तरुणानें सौजन्यानें सांगितलें आणि आम्ही परत आलों.

पुढें दीड वर्षानें त्या ग्रंथालयानें जागेच्या अभावीं निकालांत काढावयाच्या पुस्तकांचे गठ्ठे बांधले. निवडीची कसोटी साधी होती. गेल्या दहा वर्षांत जें पुस्तक एकदांहि कोणीं नेलें नाहीं, तें काढावें. आमच्या एका स्नेह्यास त्या गठ्ठ्यांत विहिरींचें पुस्तक सांपडलें. त्याची नोंद यंत्रांत होती. मात्र ती करणाऱ्यानें 'विहीर' या शब्दांतील दीर्घ वेलांटी दोन 'ई' अक्षरांनीं लिहिली होती, आणि शोधणाऱ्यांनीं ती एका 'आय' अक्षरानें लिहिली. आडनांवाची गतहि तीच. तें लिहिण्याची चौथी तऱ्हा नोंदींत होती. एवढ्या एका वेलांटीपायीं पुस्तक असून नसल्यासारखें झालें. नसल्यासारखें झालें म्हणून कोणीं मागितलें नाहीं. आणि कोणीं मागितलें नाहीं म्हणून तें रद्दींत निघालें.

या हकीकतींत दुष्ट असा कोणीच नाहीं. साहाय्यक विनयशील होता, नोंद करणारा आपल्या समजुतीप्रमाणें प्रामाणिक होता, आणि जागेची टंचाई तर खरीच होती. दोष एका रूढीचा आहे, आणि ती रूढि आतां निष्कारण झाली असतांहि आपण ती चालवीत आहों, हा आमचा आरोप आहे. जें मराठी पुस्तक देवनागरींत छापलें आहे, त्याची ग्रंथालयांतील मुख्य नोंद देवनागरींतच असली पाहिजे. रोमन नोंद तिच्या सोबतीस असावी. तिच्या जागीं नसावी. एवढें एकच म्हणणें आम्हांस येथें मांडावयाचें आहे.

प्रथम प्रतिपक्षास न्याय देऊं. रोमन नोंदीची चाल मूर्खपणांतून निघालेली नाहीं. ज्या काळीं सूची म्हणजे कार्डांचें कपाट असे, त्या काळीं प्रत्येक कार्डास त्या कपाटांत एकच जागा असे, आणि ती जागा ठरविण्यास एकच वर्णक्रम लागे. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें १९०१ सालापासून आपलीं छापील कार्डें इतर ग्रंथालयांस पुरविण्यास आरंभ केला. जगांतील नाना भाषांचीं पुस्तकें एका कपाटांत लावावयाचीं, तर त्यांचीं नांवें एका लिपींत आणणें तेथल्या ग्रंथपालांस भागच होतें. नागरी, बंगाली, तमिळ या लिपींचे खिळे प्रत्येक ठिकाणीं कोठून मिळणार, आणि मिळाले तरी ते जुळविणारा कोठून मिळणार? म्हणून प्रत्येक लिपीस रोमन अक्षरांत बसविण्याचीं कोष्टकें तयार झालीं. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, मूर्धन्य वर्णाखालीं टिंब, असे संकेत ठरले. हें काम विद्वत्तेचें होतें आणि तें मोठ्या निष्ठेनें झालें. ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांतील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची जी सूची ब्लूमहार्ट या पंडितानें १८९२ सालीं प्रसिद्ध केली, तिच्यावांचून एकोणिसाव्या शतकांतील मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचें आजहि पुरें पडत नाहीं. पुढें १९६२ सालापासून पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याच्या आधारें भारतीय भाषांतील पुस्तकें तिकडील विद्यापीठांत जाऊं लागलीं, आणि जीं कांहीं मराठी पुस्तकें आपल्या गांवीं आपणांस मिळत नाहींत, तीं तेथें नीट बांधून ठेवलेलीं आढळतात. हा उपकार आम्ही विसरत नाहीं.

आपल्या देशांतहि गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची कलकत्त्याहून निघूं लागली, तेव्हां तिनें सर्व भाषांतील पुस्तकें रोमन अक्षरांत एका क्रमानें मांडण्याचें ठरविलें. तामिळनाडूंतील ग्रंथपालास मराठी पुस्तकाचें नांव वाचतां यावें आणि महाराष्ट्रांतील ग्रंथपालास तमिळ पुस्तकाचें वाचतां यावें, हा त्यामागील हेतु स्तुत्यच होता.

परंतु त्याच सुमारास दुसरा एक मार्ग महाराष्ट्रांत एका माणसानें चालून दाखविला होता, त्याची आठवण येथें करून देणें अगत्याचें आहे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी मुद्रित पुस्तकांची सूची १९४४ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ सालीं बाहेर पडला. पहिल्या भागाच्या वेळीं महायुद्ध चालू होतें, कागदाची टंचाई होती. संगणक तर कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. तरीहि ही प्रचंड सूची देवनागरींत उभी राहिली. मराठी पुस्तकाचा शोध मराठी वाचकानें मराठी अक्षरांत घ्यावा, ही गोष्ट ज्या काळीं केवळ चिकाटीच्या बळावर साधली, तीच गोष्ट प्रत्येकाच्या खिशांतील टेलिफोन देवनागरी लिहूं लागल्यावर आम्हांस अवघड वाटावी, याचें नवल करावें तितकें थोडें!

यंत्राच्या अडचणीची सबब एका काळीं खरी होती, हेंहि आम्ही मान्य करतों. १९६० नंतरच्या दशकांत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें हेन्रिएट ॲव्हरॅम या विदुषीच्या नेतृत्वाखालीं 'मार्क' नांवाची पद्धति सिद्ध झाली. ग्रंथाची नोंद यंत्रास वाचतां येईल अशा रीतीनें लिहिण्याची ती पद्धति आज जगभर रूढ आहे. आरंभीं तिला रोमन अक्षरांपलीकडे फारसें कांहीं कळत नसे. पण इतर भाषांच्या लोकांनीं तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. अमेरिकेंतील संशोधन-ग्रंथालयांच्या जाळ्यांत १९८३ सालीं चिनी, जपानी व कोरियन अक्षरें आलीं. १९८८ सालीं हिब्रू आली. रशियन आणि अरबी याहि लिपींची सोय झाली. देवनागरीस मात्र त्या जुन्या संकेतसंचांत अखेरपर्यंत जागा मिळाली नाहीं. कोट्यवधि लोकांची ही लिपि मागें राहिली, ती तिच्या अंगच्या कांहीं दोषामुळें नव्हे. चिनी लिपीच्या हजारों चिन्हांपुढें आमची बाराखडी म्हणजे पोरखेळ आहे. ज्यांच्या मागें मागणारे होते, त्यांस मिळालें. आमचे मागणारे आपल्या मुलांच्या इंग्रजीच्या काळजींत होते.

आतां तर ती सबबहि उरली नाहीं. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें आपल्या लिपींसाठीं 'इस्की' हा संकेत ठरवून दिला, आणि त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. युनिकोड म्हणजे जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास यंत्रानें ओळखावयाचा एक कायमचा क्रमांक. त्यांत देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. या शतकाचें पहिलें दशक संपण्यापूर्वींच मार्क पद्धतीनेंहि युनिकोडमधील सर्व लिपींस दार उघडलें. आमची मोडी, जी वाचणारे आतां विरळा, तिलाहि २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्वतंत्र घर मिळालें. ग्रंथालय चालविण्याची यंत्रणा महाग पडते, असें म्हणावें, तर न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठीं तयार झालेली 'कोहा' ही प्रणाली २००० सालापासून विनामूल्य मिळते, आणि तींत देवनागरी नोंद बिनतक्रार करतां येते. म्हणजे कपाट गेलें, कार्डें गेलीं, खिळे गेले, पैशाची अडचण गेली. त्यांच्यामुळें पडलेली चाल तेवढी मागें राहिली आहे.

कोणी म्हणेल, राहिली तर राहूं द्या. तिनें बिघडतें काय? तें आतां पाहूं. विद्वानांनीं ठरविलेल्या कोष्टकाप्रमाणें, रेघा व टिंबें देऊन, मराठी नांव रोमन अक्षरांत लिहिलें, तर तें बहुतेक बिनचूक पुन्हां देवनागरींत आणतां येतें. पण हीं रेघा-टिंबें लिहितो कोण? सामान्य ग्रंथालयांत तीं प्रथमच गळून पडतात, आणि जेथें तीं आहेत तेथेंहि शोध घेणारा वाचक तीं देत नाहीं. तीं गळालीं कीं काय होतें पाहा. कल, कळ, काल, काळ, कला, कळा, काला आणि काळा हे आठ मराठी शब्द त्या कोष्टकानें रोमन अक्षरांत एकच होऊन बसतात. चित्रकलेचा अभ्यासक, गोपाळकाल्याचा शोधक आणि काळाचें तत्त्वज्ञान जाणूं इच्छिणारा जिज्ञासु, तिघेहि एकाच दारांत येऊन उभे! आपल्या दर्या आणि दऱ्या सामान्य रोमन लेखनांत एकरूप होतात, म्हणजे समुद्र आणि डोंगरांतील खोरीं यांत भेद राहत नाहीं. 'आचार्यांचीं पत्रें' आणि 'आचाऱ्यांचीं पत्रें' यांतील फरक मराठी शाळेंतील मुलगाहि जाणतो. रोमन सूचीस तो ठाऊक नाहीं, आणि तिच्या लेखीं पाठशाळा व मुदपाकखाना एकच आहे.

नांवांची तर अधिकच दुर्दशा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें आडनांव विद्वानांच्या कोष्टकानें 'सी' व 'आय' या अक्षरांनीं सुरू होतें, आणि लोकांच्या वहिवाटीनें 'सी' व 'एच' या अक्षरांनीं. शिवाय कोष्टक प्रत्येक व्यंजनांतील 'अ'कार मोजून लिहितें, त्यामुळें 'चिपळूणकर' यांतील 'ण' व 'र' यांच्या पुढें एकेक 'ए' जादा येतो. 'इतिहास' या शब्दाच्याहि शेवटीं असाच एक 'ए' लटकत असतो, आणि ज्यास तें ठाऊक नाहीं, त्याला 'मराठ्यांचा इतिहास' सांपडत नाहीं. टिळकांचा 'ळ' इंग्रजी वहिवाटींत 'ल' झाला, तो सूचींत तसाच बसला. एकाच ग्रंथकाराचीं पुस्तकें अशा रीतीनें दोन-तीन नांवांखालीं विखुरतात, आणि पुढचा अभ्यासक त्या प्रत्येकास निराळा माणूस समजतो. आमच्या वर्णमालेंत कंठापासून ओठांपर्यंत जी उच्चारस्थानांची पायरी-पायरीची रचना आहे, तिचीहि रोमन क्रमांत वाताहत होते. 'अ'नंतर 'ब', 'भ', मग 'च', 'छ', आणि मग 'ड' व 'द' एकांत एक मिसळलेले. ज्या आजोबांनीं आयुष्यभर मोल्सवर्थचा कोश चाळला, त्यांस आपल्याच भाषेच्या पुस्तकांची यादी परक्याची वाटते.

येथें आमच्यावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, परदेशांतील अभ्यासकास देवनागरी येत नसेल तर त्यानें काय करावें? आम्ही उलट विचारतों, ज्यास देवनागरी वाचतां येत नाहीं, तो मराठी पुस्तक घेऊन करणार काय? पुस्तक उघडतांच पहिल्या पानावर त्याची देवनागरीशीं गांठ पडणारच आहे. आक्षेपाचा एक भाग मात्र आम्हांस मान्य आहे. ज्या ग्रंथालयांत मराठी जाणणारा सेवक नाहीं, तेथें पुस्तक मांडणीवर लावण्यास आणि काढून देण्यास रोमन नोंद हवीच. म्हणूनच आम्ही ती काढून टाका असें म्हणत नाहीं. मार्क पद्धतींत एकच नांव दोन लिपींत शेजारीशेजारी ठेवण्याची सोय पूर्वींपासून आहे. चिनी व हिब्रू पुस्तकांच्या बाबतींत ती सर्रास वापरली जाते. मराठीच्या बाबतींतच ती जड कां वाटावी?

दुसरा आक्षेप एकतेच्या नांवानें येतो. अनेक भाषांच्या देशांत एक सामाईक क्रम पाहिजे, आणि रोमन लिपि कोणाचीच नसल्यामुळें सर्वांस सारखी, असें म्हटलें जातें. कपाटास एक क्रम पाहिजे होता, हें आम्हीं वर मान्य केलेंच आहे. पण यंत्रास तो लागत नाहीं. तें मराठी नोंदी मराठी क्रमानें, तमिळ नोंदी तमिळ क्रमानें, आणि कोणी मागितल्यास सर्व नोंदी रोमन क्रमानेंहि क्षणांत मांडून दाखवितें. सर्वांस सारखी म्हणजे सर्वांस सारखीच परकी, अशा एकतेनें कोणाचेंच पुस्तक कोणाच्या हातीं पडत नाहीं. १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडणाऱ्या रंगनाथनांनीं वाचक व पुस्तक यांची भेट घडविणें हा ग्रंथालयाचा धर्म मानला. त्या भेटीच्या आड जें येतें, तें कितीहि शिस्तीचें दिसलें तरी अधर्मच म्हटलें पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे, कारण तो आमच्याच घरांतून निघतो. देवनागरींत लिहिलें म्हणजे सर्व सुरळीत होईल हें खरें कशावरून, असें अनुभवी ग्रंथपाल आम्हांस विचारतात. आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आम्ही स्वतः जुन्या वळणाचे; 'नांव' हा शब्द अनुस्वार देऊन लिहितों, आणि पाण्यांत चालते ती 'नाव' असें समजतों. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि आमचीं नातवंडें दोहोंसहि 'नाव'च लिहितात. त्याबद्दल आमची त्यांच्याशीं तक्रार नाहीं. पण यंत्रास 'नांव' व 'नाव' हे दोन शब्द निरनिराळे वाटतात, आणि १९६२ पूर्वींचीं सहस्रावधि पुस्तकें नव्या वळणानें शोधणाऱ्या मुलास सांपडत नाहींत. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' यांची तीच कथा. सावरकरांच्या लिपिसुधारणेच्या काळांत 'इ' व 'उ' यांच्या जागीं 'अि' व 'अु' छापलेलीं पुस्तकें निघालीं. त्यांतला 'अितिहास' आणि आपला 'इतिहास' यंत्राच्या दृष्टीनें अनोळखी आहेत. इतकेंच नव्हे, तर डोळ्यांस अगदीं एक दिसणारे शब्दहि आंतून भिन्न असूं शकतात. 'दुसऱ्या' या शब्दांतील 'ऱ्या' युनिकोडमध्यें एकाहून अधिक रीतींनीं लिहितां येतो. मराठीच्या 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. तत्पूर्वीं तो 'अ' व चंद्र हीं दोन चिन्हें जोडून लिहीत, आणि अजूनहि कित्येक तसाच लिहितात. यंत्रास ही एकरूपता शिकविली नसेल, तर कागदावर जुळे भाऊ दिसणारे हे शब्द सूचींत एकमेकांस ओळखत नाहींत.

याहून मोठें पाप आम्ही मराठी लोकांनींच केलें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून बाजारांत असे टंक मिळत आले कीं, त्यांचें रूप देवनागरी, पण यंत्राच्या पोटांत त्यांची ओळख रोमन अक्षरांची. पडद्यावर 'ज्ञानेश्वरी' दिसे. टंक बदलला, किंवा मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला, कीं त्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा उरे. अशा टंकांत मोठ्या मेहनतीनें केलेल्या ग्रंथालयांच्या याद्या आम्हीं पाहिल्या आहेत. छापून भिंतीवर लावल्या तर त्या सुंदर दिसतात. शोधावयास बसलें तर त्यांत एकहि शब्द सांपडत नाहीं. देवनागरीचा हा केवळ मुखवटा झाला. रोमन नोंदीस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांतील हा देखावा आपण आवरला पाहिजे.

मग या तिसऱ्या आक्षेपास आमचें उत्तर काय? उत्तर असें कीं, या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सोडविण्याजोग्या आहेत, आणि मराठी जाणणाराच त्या सोडवूं शकतो. 'नांव' आणि 'नाव' एक समजावे, 'अि' आणि 'इ' एक समजावे, 'ऱ्या'चीं सर्व रूपें एक समजावीं, हे नियम यंत्रास एकदां सांगितले कीं तें ते विसरत नाहीं. इंग्रजी सूचीकारांनीं आपल्या ग्रंथकारांचीं नाना रूपें एका प्रमाण नांवाखालीं जोडण्याचें काम पिढ्यान् पिढ्या केलें. तेंच आम्हांस आमच्या ग्रंथकारांसाठीं करावयाचें आहे. उलट आठ शब्दांचा जेथें एक झाला, तेथें मूळचा कोणता हें यंत्रास कोणत्याहि नियमानें ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं पुस्तक मांडणीवरून काढून त्याचें मुखपृष्ठच डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. देवनागरींतील गोंधळ म्हणजे गुंतलेलें सूत आहे. रोमन नोंदींत सूतच तुटलें आहे. आणि पुस्तकच रद्दींत गेलें, तर मुखपृष्ठ पाहणार कोठें?

आम्ही रोमन लिपीचे द्वेष्टे आहों असें मात्र कोणी समजूं नये. १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें, तें मराठी भाषेंत पण रोमन अक्षरांत; कारण नागरीचे खिळे तेथें नव्हते. त्या आवृत्तीची नोंद रोमन अक्षरांतच असली पाहिजे, ग्रंथकारानें छापविलीं त्याच अक्षरांत. गोव्यांत रोमन लिपींत कोंकणी लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांसहि हाच न्याय. पुस्तकास ज्या लिपींत जन्म मिळाला, तिच्यांत त्याचें नांव लिहावें. हें तत्त्व सर्वांस सारखें लावावें, आणि मग आपल्या सोयीसाठीं हवीं तितकीं दुसरीं रूपें जोडावीं. माणसाचें नांव त्याच्या आईबापांनीं ठेवलें तें लिहावें, टोपणनांव कंसांत घालावें, इतकाच हा व्यवहार आहे.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्रांत १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. हें अनुदान देतांना पुस्तकांची संख्या व वर्गणीदारांची संख्या जशी पाहावयाची, तशीच मराठी पुस्तकांची युनिकोड देवनागरींत केलेली सूची आहे कीं नाहीं, हेंहि पाहिलें जावें. नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी पुस्तकाची नोंद आजपासून मुखपृष्ठावर आहे तशी, त्याच वळणानें, देवनागरींत व्हावी. जुन्या नोंदींपैकीं ज्यांत रेघा-टिंबें शाबूत आहेत, त्या यंत्राकडून उलटवून घ्याव्या. ज्यांत तीं नाहींत, त्यांसाठीं पुस्तकें हातांत घेऊन काम करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या पुस्तकाची नोंद मूळ लिपींत झालेली नाहीं, तें 'कोणी नेत नाहीं' या कारणास्तव निकालांत काढण्यास सक्त मनाई असावी. ज्याचें दार आपणच बाहेरून बंद केलें, त्याच्याकडे कोणी येत नाहीं म्हणून त्याला घराबाहेर काढणें, हा न्याय कोठला?

हें काम पगारी नोकरांच्याच माथीं मारण्याजोगें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजोबा-पणजोबांनीं लिहिलेलें कांहीं ना कांहीं छापलेलें आहे. कोणाचें कीर्तनाचें, कोणाचें वैद्यकाचें, कोणाचें आजींनीं केलेल्या पाकशास्त्राचें. आपल्या गांवच्या ग्रंथालयांत जाऊन त्या पुस्तकाचें नांव देवनागरींत विचारून पाहा. सांपडलें तर ग्रंथपालांचे आभार माना. न सांपडलें, तर रोमन अक्षरांत पांच तऱ्हांनीं लिहून पाहा, आणि त्या पांच तऱ्हांचा कागद घेऊन वार्षिक सभेस जा. वर्गणीदारास सभेंत प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, आणि आजपर्यंत आपण तो बहुधा खुर्च्या व पंखे यांविषयींच वापरला आहे.

विहिरींचें पुस्तक त्या बाईंच्या हातीं पडलें, तें आमच्या स्नेह्यानें गठ्ठ्यावरील जाड दोरा सोडून पाहिला म्हणून. मुखपृष्ठावर आजोबांचें नांव होतें, आणि त्याखालीं ग्रंथालयाचा शिक्का. बाईंनीं तें पुस्तक स्वतःपाशीं ठेवलें नाहीं. त्याची एक नक्कल करून घेऊन मूळ प्रत त्यांनीं ग्रंथालयास परत दिली, आणि नोंद आपल्यासमक्ष देवनागरींत करवून घेतली. त्या गठ्ठ्यांत आणखी शेंकडों पुस्तकें होतीं, आणि त्यांच्या ग्रंथकारांच्या नाती त्या दिवशीं तेथें नव्हत्या.